सस्पेन्स फोडणारे लेखक

‘सस्पेन्स फोडू नकोस’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे वापरतो, की सस्पेन्स म्हणजे शेवटपर्यंत झाकून ठेवायची गोष्ट, ही समजूत मराठी बोलण्यात पक्की बसून गेली आहे. खुनी कोण हे आधीच कळले तर पाहण्यासारखे उरले काय, असा तिचा हिशेब असतो. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकी दूरचित्रवाणीला दर आठवड्याला सस्पेन्सच्या कथा पुरवणाऱ्या लेखकांचा धंदा मात्र बहुतेकदा उलट्या हिशेबावर चालत असे. खून कोणी केला, प्रेत कुठे आहे, विष कशात आहे हे ते पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाला सांगून टाकत आणि त्यानंतर त्यांचे खरे काम सुरू होई. या लेखकांपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणाला सांगता येतील. त्यांच्या कथांची पडद्यावर येऊन ओळख करून देणाऱ्या आल्फ्रेड हिचकॉकचे नाव मात्र सर्वांना पाठ आहे. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर आधी त्या कथा कशा बांधल्या जात हे पाहावे लागते, कारण विसर पडण्याचे बरेचसे कारण त्या बांधणीतच आहे.

रहस्य, धक्का आणि उत्कंठा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला फरक एकाच प्रश्नाने ओळखता येतो: कोणाला किती माहीत आहे? रहस्यात कथेतल्या कोणाला तरी सारे ठाऊक असते आणि प्रेक्षक अंधारात असतो. धक्क्यात ज्याच्यावर संकट कोसळते तोही बेसावध असतो आणि प्रेक्षकही. उत्कंठेत प्रेक्षकाला माहीत असते, पात्राला नसते. किंवा दोघांनाही माहीत असते, पण कोणालाच काही करता येत नाही. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगून ठेवले, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही जीवघेण्या होतात, हे हिचकॉकचे आवडते उदाहरण आता वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे. त्यापेक्षा हाच बॉम्ब खऱ्या पटकथेत कसा आला, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

‘सस्पिशन’ या मालिकेचा ‘फोर ओ’क्लॉक’ हा पहिला भाग ३० सप्टेंबर १९५७ रोजी दाखवला गेला आणि त्याचे दिग्दर्शन हिचकॉकने केले होते. मूळ कथा कॉर्नेल वुलरिचची, पटकथा फ्रान्सिस कॉक्रेलची. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बायकोचा संशय येतो आणि तो स्वतःच्याच घराच्या तळघरात चार वाजता फुटेल असा बॉम्ब लावतो. तो निघणार एवढ्यात घरात चोर शिरतात, त्याला खांबाला बांधतात, तोंडात बोळा कोंबतात आणि निघून जातात. आता घड्याळ समोर, बॉम्ब शेजारी आणि तोंड बंद. बायको घरी परत येते, वरच्या मजल्यावर तिचे बोलणे चालते, आणि तिच्याकडे चोरून येणारा पुरुष तिचा भाऊ आहे, हे त्याला तळघरात बांधलेल्या अवस्थेत ऐकू येते. म्हणजे वेळ संपत असताना त्याचे कारणही संपते. कथेत लपवलेले असे काही उरलेलेच नाही. प्रेक्षकाला बॉम्ब, वेळ आणि जागा या तिन्ही गोष्टी ठाऊक आहेत, आणि म्हणूनच काटा पुढे सरकलेला पाहवत नाही. गंमत म्हणजे वुलरिचच्या मूळ कथेचे नाव ‘थ्री ओ’क्लॉक’ होते. पडद्यावर येताना बॉम्बला एक तास वाढवून मिळाला.

दुसरे उदाहरण ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ या मालिकेतल्या ‘वन मोअर माइल टू गो’ या १९५७ च्या भागाचे आहे, आणि माझ्या मते पटकथालेखन शिकणाऱ्याने हा एकच भाग दहा वेळा पाहिला तरी चालेल. सुरुवातीला कॅमेरा घराच्या बाहेर आहे. खिडकीतून नवराबायकोचे भांडण दिसते, पण त्यातला शब्दही आपल्याला ऐकू येत नाही. तो तिच्या डोक्यात लोखंडी सळई घालतो, प्रेत पोत्यात भरतो, गाडीच्या डिकीत ठेवतो आणि रात्री निघतो. वाटेत मोटारसायकलवरचा पोलीस त्याला थांबवतो, आणि कारण काय, तर मागचा दिवा लागत नाही. पोलीस सभ्य आहे, मदत करायला उत्सुक आहे, आणि तीच तर अडचण आहे. दिवा दुरुस्त करायचा तर डिकी उघडायला हवी. दिवा मध्येच पेटतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा विझतो. या श्वासाकडे लक्ष द्यावे: बायकोला मारणारा माणूस पकडला जाऊ नये असे आपल्याला काही मिनिटे मनापासून वाटते, आणि ते वाटायला लावण्यासाठी लेखकाने खुन्याच्या बाजूने एकही शब्द लिहिलेला नाही. त्याने फक्त बल्ब नादुरुस्त केला आहे.

ही पटकथा जेम्स कॅव्हाना यांची. याच मालिकेच्या ‘फॉग क्लोजिंग इन’ या भागासाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला होता. पुढे हिचकॉकने रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीवरून ‘सायको’ करायचे ठरवले, तेव्हा पहिला मसुदा कॅव्हाना यांनाच लिहायला दिला. तो पसंत पडला नाही, आणि काम जोसेफ स्टेफानो यांच्याकडे गेले. १९६० च्या त्या चित्रपटाचे चित्रीकरण बहुतांशी याच दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांनी, मोठ्या पडद्याच्या मानाने तुटपुंज्या खर्चात केले. ब्लॉक यांना कादंबरीच्या चित्रपट-हक्कांसाठी दहा हजार डॉलरही मिळाले नाहीत, आणि विकत घेणारा कोण आहे हे त्यांना सौदा होईपर्यंत सांगितलेले नव्हते.

आता थोडे यंत्रणेविषयी. ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाली. सात वर्षे तिचा प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा होता, त्यातून जाहिराती वजा केल्या की कथेसाठी पंचवीस मिनिटांच्या आसपास वेळ उरे. १९६२ पासून तीन वर्षे ती ‘द आल्फ्रेड हिचकॉक अवर’ या नावाने तासाभराची झाली. दहा वर्षांत मिळून ३६१ भाग झाले. त्यांपैकी हिचकॉकने स्वतः दिग्दर्शित केलेले भाग अठराच आहेत. मालिकेचा खरा कारभार जोन हॅरिसन पाहत. १९३३ मध्ये हिचकॉकची सेक्रेटरी म्हणून कामाला लागलेल्या या बाईंना, एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या चित्रपटांच्या पटकथांसाठी ऑस्करची नामांकने मिळाली होती आणि स्वतंत्र निर्मात्या म्हणूनही त्यांनी नाव कमावले होते. कोणती कथा घ्यायची, कोणाकडून लिहून घ्यायची, कोणत्या दिग्दर्शकाला द्यायची हे निर्णय आधी त्यांच्या आणि १९५७ पासून त्यांच्याबरोबर नॉर्मन लॉइड यांच्या टेबलावर होत.

त्यांची पद्धत अशी, की शक्यतो आधी कुठे तरी छापून आलेली कथाच घ्यायची. मासिकांत येणाऱ्या गुन्हेकथांचे ढीग वाचले जात, त्यातून एक निवडली जाई, आणि ती पटकथेत उतरवण्याचे काम बहुधा दुसऱ्याच लेखकाला मिळे. म्हणून श्रेयनामावलीत दोन ओळी दिसतात, कथा एकाची आणि पटकथा दुसऱ्याची. ही विभागणी कागदावर न्याय्य असली तरी स्मरणाच्या दृष्टीने घातक ठरली, कारण एका भागाचे कौतुक दोन अपरिचित नावांत वाटले गेले आणि दोन्ही नावे अर्ध्या मिनिटात सरकून गेली.

अर्ध्या तासाची ही घट्ट घडण दूरचित्रवाणीने शोधून काढलेली नव्हती. ती रेडिओकडून आली. १९४२ ते १९६२ अशी वीस वर्षे चाललेल्या ‘सस्पेन्स’ या रेडिओमालिकेवर मे १९४३ मध्ये ल्युसिल फ्लेचर यांची ‘सॉरी, राँग नंबर’ ही श्रुतिका पहिल्यांदा झाली. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला टेलिफोनच्या तारा जुळून गेल्यामुळे दोघा अनोळखी माणसांचे बोलणे ऐकू येते, आणि ते खुनाच्या बेताविषयी असते. खोली एक, बाई एक, हातात टेलिफोन. प्रसंग इतका आवळलेला, की पडद्याची गरजच पडू नये. फ्लेचर यांचीच ‘द हिच-हायकर’ ही श्रुतिका पुढे रॉड सर्लिंगने आपल्या ‘द ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी घेतली आणि त्यातल्या पुरुष प्रवाशाची स्त्री केली. मनातला आवाज प्रेक्षकाला ऐकवण्याची युक्तीही रेडिओचीच. लुई पोलॉक यांच्या कथेवरचा ‘ब्रेकडाउन’ हा १९५५ चा भाग पाहताना ते लगेच जाणवते. नोकरीवरून काढल्यामुळे फोनवर रडणाऱ्या माणसाचा तिरस्कार करणारा एक धंदेवाईक, अपघातात जवळजवळ पूर्ण लुळा पडतो. सगळे त्याला मेलेला समजतात. आपल्याला ऐकू येतो तो फक्त त्याच्या डोक्यातला आकांत. शेवटी शवागारात त्याला वाचवतो तो त्याच्याच डोळ्यातून ओघळलेला अश्रू. ज्या रडण्याची त्याला किळस होती तेच कामी आले, हे लेखकाने कुठेही बोलून दाखवलेले नाही.

सगळेच लेखक मात्र पत्ते उघडे टाकून खेळत नसत. हेन्री स्लेसार जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी करत कथा लिहीत, आणि त्या इतक्या लिहीत की काहींवर ओ. एच. लेस्ली असे टोपणनाव घालावे लागे. त्यांच्या ‘द राइट काइंड ऑफ हाउस’ या कथेवर रॉबर्ट डेनिस यांनी १९५८ मध्ये पटकथा लिहिली. (इथे मी शेवट सांगणार आहे; ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावे.) एका छोट्या गावातली म्हातारी आपले मोडके घर त्याच्या लायकीच्या कितीतरी पट किमतीला विकायला काढते. कोणी फिरकत नाही. वर्षे जातात आणि एक दिवस बाहेरगावचा एक माणूस ती वेडी किंमत द्यायला तयार होतो. म्हातारी त्याला थंड लिंबू सरबत देते आणि आपल्या मुलाविषयी सांगू लागते: तो चोरीचा पैसा घेऊन घरी आला होता, घरातच त्याचा खून झाला, पैसा कुठे तरी दडलेला राहिला. या घरासाठी इतकी किंमत मोजणारा एकच माणूस जगात असू शकतो. तोवर सरबताचा पेला रिकामा झालेला असतो. ही कथा दुसऱ्यांदा वाचली तर दिसते, की स्लेसार यांनी काहीच लपवलेले नव्हते. किंमत पहिल्या पानापासून समोर होती, आपण तिला म्हातारपणाचा हट्ट समजलो. स्लेसार यांच्या कादंबरीला रहस्यलेखनासाठीचा एडगर पुरस्कार मिळाला, पुढे ‘द एज ऑफ नाइट’ या दैनंदिन मालिकेचे ते पंधराएक वर्षे मुख्य लेखक होते, आणि तरीही कोट्यवधी लोकांनी ज्याचे लेखन पाहिले असा हा माणूस रस्त्यात भेटला असता तर कोणी ओळखला नसता.

मालिकेतला सर्वांत अदृश्य लेखक मात्र जेम्स अ‍ॅलर्डाइस होय. प्रत्येक भागाच्या आधी आणि नंतर हिचकॉक निर्विकार चेहऱ्याने जे बोलतो, ज्या विनोदामुळे तो घराघरांत पोचला, ते सारे निरोप अ‍ॅलर्डाइस यांनी लिहिले. जाहिरातदाराची टर उडवायची, पण त्याचा पैसा येत राहील अशा बेताने, ही कसरत त्यांना दहा वर्षे साधली. या निरोपांना आणखी एक काम होते. गुन्हेगार सुटता कामा नये असा त्या काळी दूरचित्रवाणीचा दंडक होता, आणि या कथांमधले गुन्हेगार तर सर्रास सुटत. मग कथा तशीच ठेवून शेवटच्या निरोपात त्याला पकडून द्यायचे. रोआल्ड डाल यांच्या ‘लॅम्ब टू द स्लॉटर’मध्ये नवऱ्याला गोठलेल्या मटणाच्या तंगडीने मारणारी बायको तीच तंगडी भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना जेवू घालते आणि निसटते. त्यानंतर हिचकॉक येऊन सांगतो, की ती पुढे सापडलीच. दुसऱ्या नवऱ्यावर तिने तोच प्रयोग केला, पण तो गृहस्थ इतका विसराळू, की त्याने फ्रीझरच चालू केलेला नव्हता आणि मांस मऊच राहिले होते. दंडक पाळला गेला आणि दंडकाची थट्टाही झाली. ही ओळ लोक हिचकॉकची म्हणून सांगतात.

आणि इथेच विसर पडण्याचे पहिले कारण आहे. दर आठवड्याला कथा नवी, नट नवे, दिग्दर्शक नवा, लेखक नवा. बदलत नाही तो एक सूत्रधार. माणसाची आठवण ओळखीच्या चेहऱ्याला चिकटते, आणि या प्रकारच्या मालिकेत तसा चेहरा एकच असतो. हे नाव मग शिक्क्यासारखे वापरले जाऊ लागले. १९५६ च्या अखेरीस हिचकॉकच्या नावाचे रहस्यकथांचे मासिक निघाले. त्याच्या नावाने कथासंग्रहांची रांग लागली. त्यांतले कित्येक संग्रह प्रत्यक्षात रॉबर्ट आर्थर या लेखकाने निवडून, प्रस्तावनेसकट सजवून दिले होते. रेडिओवर नाव कमावलेल्या या आर्थर यांनीच १९६४ मध्ये मुलांसाठी तीन बालगुप्तहेरांची पुस्तकमाला सुरू केली, तर मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत झळकले ते पुन्हा हिचकॉकचेच नाव.

दुसरे कारण अधिक कडवट आहे. कम्युनिस्ट असल्याच्या किंवा नुसत्या संशयाच्या कारणावरून त्या काळी अनेकांची नावे काळ्या यादीत गेली होती, आणि अशा लेखकांना काम मिळायचे तर दुसऱ्याच्या नावाने. १९५० ते १९५५ या काळात चाललेल्या ‘डेंजर’ या सस्पेन्समालिकेसाठी वॉल्टर बर्नस्टीन यांनी असेच लिहिले. श्रेयनामावलीत नाव यायचे ते पुढे केलेल्या माणसाचे, आणि त्या माणसाला लेखक असल्याचे सोंगही वठवावे लागे. या अनुभवावर त्यांनी पुढे १९७६ मध्ये ‘द फ्रंट’ हा चित्रपट लिहिला. ‘ब्रेकडाउन’चे लुई पोलॉक यांची गोष्ट तर त्यांच्याच कथेत शोभावी अशी आहे. राजकारणाशी काडीचा संबंध नसताना त्यांचे काम एकाएकी बंद पडले, कारण अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने त्यांची गल्लत कॅलिफोर्नियातल्या लुई पोलॅक नावाच्या एका कपड्यांच्या व्यापाऱ्याशी केली होती. स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा फरक कोणी पाहिला नाही.

पैशाच्या बाजूने पाहिले तरी वुलरिचचे उदाहरण बोलके आहे. ‘रिअर विंडो’ हा हिचकॉकचा चित्रपट ज्या कथेवर आधारलेला आहे ती त्याने १९४२ मध्ये लिहिली आणि १९४५ मध्ये तिच्यासकट सहा कथांचे चित्रपट-हक्क मिळून ९,२५० डॉलरना विकले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात लेखनाचा हक्क २८ वर्षांसाठी असे आणि मग त्याचे नूतनीकरण करावे लागे. नूतनीकरणानंतरचे हक्कही देण्याचे वुलरिचने कबूल केले होते, पण त्याआधीच, १९६८ मध्ये, तो वारला. त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या बँकेने हक्कांचे नूतनीकरण केले आणि ते शेल्डन अबेंड या साहित्यहक्कांच्या दलालाला ६५० डॉलर आणि मिळकतीच्या दहा टक्क्यांच्या बोलीवर दिले. चित्रपट पुन्हा दाखवला जाऊ लागला तेव्हा अबेंड न्यायालयात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९९० मध्ये निकाल अबेंडच्या बाजूने लागला: लेखक नूतनीकरणाआधी मरण पावला असेल, तर त्याने दिलेले वचन त्याच्या वारसांवर बंधनकारक नाही आणि चित्रपटाचा पुढचा वापर नव्या परवानगीशिवाय करता येणार नाही. वारसांच्या हक्कांसाठी हा निकाल फार मोलाचा ठरला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘स्ट्युअर्ट विरुद्ध अबेंड’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे एक नट (चित्रपटाचा नायक जेम्स स्ट्युअर्ट) आणि एक दलाल.

हे सारे वाचून कोणी ३६१ भाग सलग पाहायला बसणार असेल, तर त्याला आधीच सावध केलेले बरे. त्यातले पुष्कळ भाग सुमार आहेत. शेवटच्या मिनिटातल्या कलाटणीची सवय झाली की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून तिची वाट पाहू लागतो, आणि मग कलाटणी हिशेबाची वही जुळावी तशी येते. तासाभराच्या भागांत हा दोष वाढतो, कारण पंचवीस मिनिटांचा ऐवज ताणून पन्नास मिनिटांचा केलेला जागोजागी दिसतो. टिकून राहिलेत ते ‘वन मोअर माइल’सारखे भाग, ज्यांत शेवट माहीत असूनही दिवा विझला की पोटात गोळा येतो. पुन्हा पाहताना एक सवय लावून घ्यावी: भाग मध्येच थांबवून स्वतःला विचारावे, की या क्षणी मला काय माहीत आहे, समोरच्या पात्राला काय माहीत आहे, आणि हे मला लेखकाने नेमके कोणत्या दृश्यात सांगितले. उत्तर बहुधा एखाद्या क्षुल्लक वस्तूपाशी सापडते. मग श्रेयनामावली थांबवून नाव वाचावे.

अर्थात तेही नाव नेहमी खरे असेलच असे नाही. १९५९ ते १९६४ या काळात चाललेल्या ‘द ट्वायलाइट झोन’च्या १५६ भागांपैकी ९२ सर्लिंगने स्वतः लिहिले, त्याच्या खालोखाल वाटा चार्ल्स बोमाँट यांचा. तिशीतच बोमाँट यांना स्मृती आणि विचारशक्ती झपाट्याने पोखरणारा आजार जडला. काम हातात, घरी बायको-मुले, आणि लिहिता येईना. तेव्हा जेरी सोल, जॉन टॉमर्लिन यांच्यासारख्या मित्रांनी त्यांच्या नावाने पटकथा लिहून दिल्या आणि मानधन वाटून घेतले, म्हणजे बोमाँट यांची कामे आणि मिळकत चालू राहावी. बोमाँट १९६७ मध्ये वारले तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. बोलणारी बाहुली घरातल्या सावत्र बापाला गोड आवाजात धमक्या देते तो ‘लिव्हिंग डॉल’ हा १९६३ चा भाग, या मालिकेतल्या सर्वांत लक्षात राहिलेल्या भागांपैकी एक, जेरी सोल यांनी असाच लिहिला. आजही तो लावला की पडद्यावर लेखक म्हणून बोमाँट यांचेच नाव येते.